मुलाखत घेणारा ज्युनिअर, देणारा सीनिअर

टीम लीड किंवा मॅनेजर होऊन वर्ष-दोन वर्षं झालेल्या वाचकांकडून एकाच अडचणीबद्दल बरेच प्रश्न आले आहेत. मुलाखत त्यांना घ्यायची आहे आणि समोर बसणारा माणूस त्यांच्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी जुना आहे. त्यांतले आठ प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : माझा अनुभव चार वर्षांचा. पुढच्या आठवड्यात ज्यांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत त्यांतल्या दोघांचा अनुभव पंधरा वर्षांच्या वर आहे. त्यांना मी काय विचारणार? दोन प्रश्नांत माझंच अज्ञान उघडं पडेल अशी धास्ती वाटते.

उत्तर : तुम्ही मुलाखतीला तोंडी परीक्षा समजताय, म्हणून ही धास्ती. परीक्षेत परीक्षकाला जास्त यावं लागतं. मुलाखतीत दोन गोष्टी जुळवून पाहायच्या असतात : आपल्याकडचं काम नेमकं काय आहे, आणि या माणसाने तसं काम कसं केलंय. दुसरी गोष्ट तो सांगणार. पहिली तुम्हाला त्याच्यापेक्षा चांगली माहीत आहे, निदान असायला हवी. तयारीचा सगळा वेळ तिथे घाला.

एचआरने पाठवलेलं जॉब डिस्क्रिप्शन बाजूला ठेवा. ते बहुधा मागच्या भरतीचंच असतं, तारीख बदललेलं. कोऱ्या कागदावर लिहा की या जागेवरचा माणूस पहिल्या सहा महिन्यांत काय काय करणार आहे. ‘उत्तम संवादकौशल्य’ असलं काही लिहायचं नाही. ‘तीन विभागांकडून दर सोमवारी येणारे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, कोणाचे चुकले ते शोधून बुधवारपर्यंत अहवाल द्यायचा’ असं लिहायचं. मग ज्यांचं काम या जागेवर अवलंबून आहे अशा चार-पाच जणांना एकच गोष्ट विचारा : या जागेवरच्या माणसामुळे काम वाचलं किंवा अडकलं, असा गेल्या वर्षातला प्रसंग सांगा. या पद्धतीला बराच जुना आधार आहे. जॉन फ्लॅनगन या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये ती लिहून काढली, आणि तिचा पाया दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या निवडीवर झालेल्या कामात होता. आठ-दहा प्रसंग हाती आले की त्यांत तीन-चार धागे पुन्हा पुन्हा दिसतात. एका धाग्याला एक प्रश्न.

साठ मिनिटांत चारच प्रश्न. पाच मिनिटं ओळख आणि मुलाखत कशी चालेल ते सांगायला, प्रत्येक प्रश्नाला दहा मिनिटं, दहा मिनिटं उमेदवाराच्या प्रश्नांना, पाच मिनिटं हाताशी. बारा प्रश्नांची यादी नेली तर प्रत्येकाला जेमतेम सव्वातीन मिनिटं मिळतात, आणि तेवढ्यात पंधरा वर्षं मुरलेला माणूस गुळगुळीत गोष्ट सांगून मोकळा होतो. त्या गोष्टीच्या खाली काय आहे ते सहाव्या-सातव्या मिनिटाला दिसायला लागतं.

प्रश्न भूतकाळातला हवा. ‘अशी वेळ आली तर काय कराल?’ हा प्रश्न नवख्याला चालतो, कारण त्याच्या गाठीशी प्रसंगच कमी असतात. अनुभवी माणसाला त्याचं आदर्श उत्तर पाठ असतं. त्याला विचारा, ‘अशी वेळ शेवटची कधी आली होती?’ आणि मुदत घाला : गेल्या दोन-तीन वर्षांतली. ही मुदत फार कामाची आहे. ज्यांनी बारा वर्षांपूर्वी खरोखर उत्तम काम केलं आणि नंतर बैठका आणि मंजुऱ्या यांतच राहिले, ते साहजिकच ती जुनी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असते, फक्त हात आता त्या कामावर बसलेला नसतो. तुम्हाला माणूस बैठकांसाठीच हवा असेल तर हरकत नाही, पण ते ठरवून व्हावं, नजरचुकीने नको.

बायोडेटा वाचताना तीन ठिकाणी खूण करा : स्वतःच्या हाताने केलेलं शेवटचं काम, सर्वांत जास्त काळ टिकलेली नोकरी, आणि आकडा दिलेला एखादा दावा. पुढच्या विचारपूशीसाठी एवढं पुरतं.

या तयारीत सर्वांत जास्त चुकतं ते असं. आपल्यालाही काही येतं हे दाखवायला लोक आदल्या रात्री चार अवघड व्याख्या वाचून येतात आणि प्रश्नमंजुषा सुरू करतात. समोरच्याला ते पहिल्याच मिनिटाला कळतं. शिवाय पंधरा वर्षं काम करणाऱ्याला व्याख्या पाठ असतेच असं नाही. चुकीच्या माणसाला नापास करायची ही खात्रीची वाट.

प्रश्न : उमेदवार असे शब्द वापरतात की मला अर्थच लागत नाही. खरोखर येतं आहे की नुसती बतावणी आहे, हे मला विषय येत नसताना कसं ओळखू?

उत्तर : शब्द अडला की तिथेच थांबवा : ‘हा शब्द मला माहीत नाही, दोन वाक्यांत सांगाल?’ मान डोलावलीत तर पुढची दहा मिनिटं हातची गेली, कारण त्यावर रचलेलं पुढचं काहीच तुम्हाला कळणार नाही आणि नंतर लिहायलाही काही उरणार नाही. थांबवण्यात दुसरा फायदाही आहे. हा माणूस रुजू झाला तर टीममधल्या नव्या पोरांना हेच समजावून सांगणार आहे. तो शांतपणे उदाहरण देऊन सांगतो, की ‘हे तर बेसिक आहे’ म्हणून आणखी तीन अवघड शब्द टाकतो, ते टिपून ठेवा.

बतावणी ओळखायला विषय यावा लागतोच असं नाही. प्रश्नांची उतरंड माहीत हवी. एका पंपाचं उदाहरण घेऊ. मेंटेनन्सच्या जागेसाठी मुलाखत आहे आणि विचारणाऱ्याला पंपातलं काही कळत नाही, असं धरा.

‘पंपाची बेअरिंगं वारंवार जायची. आम्ही मुळापर्यंत जाऊन तो प्रश्न कायमचा मिटवला.’

‘वारंवार म्हणजे किती दिवसांनी?’

‘दीड-दोन महिन्यांनी एक.’

‘नुसतं बदलत बसायचं नाही, कारण शोधायचं, हे कधी ठरलं?’

‘चौथं गेलं तेव्हा. मीच आग्रह धरला.’

‘आधी काय तपासलं?’

‘वंगण. ते ठीक होतं. मग मोटर आणि पंप एका रेषेत आहेत का ते बघितलं. रीडिंग बरोबर आलं आणि तिथेच आम्ही फसलो. महिना गेला.’

‘फसलो म्हणजे?’

‘ते रीडिंग पाइप जोडण्याआधीचं होतं. पाइपची फ्लँज, म्हणजे टोकाची बोल्ट लावायची चकती, पंपाच्या फ्लँजशी नीट जुळत नव्हती. बोल्ट आवळले की पाइप पंपाला ओढून घ्यायचा. शेवटी मोटर-पंपाच्या जोडावर, कपलिंगवर, डायल गेज लावून बोल्ट सैल केले, तेव्हा काटा हलला.’

‘किती हलला?’

‘दहा-बारा शतांश मिलिमीटर. पाचाच्या आत हवा होता.’

विचारणाऱ्याने यात एकही तांत्रिक प्रश्न विचारलेला नाही. किती, कधी, कोणी ठरवलं, आधी काय पाहिलं, कुठे चुकलं, किती फरक पडला, एवढंच. काम केलेल्या माणसाच्या उत्तरात चार गोष्टी आपसूक येतात : आकडा, आधी धरून नंतर सोडलेली शक्यता, स्वतःची चूक आणि हाताने केलेली एखादी बारीक कृती. इथे काटा हलला ती. ज्याने काम केवळ लांबून पाहिलंय त्याचं उत्तर तिसऱ्या प्रश्नापासून वर वर तरंगू लागतं : रूट कॉज अ‍ॅनालिसिस केलं, सगळ्या विभागांची टीम बनवली, व्हेंडरशी समन्वय साधला. वाक्यं वाढत जातात, काटा काही हलत नाही.

दोन बाबतींत सांभाळून. मराठीत ‘आम्ही’ हा विनयाचाही शब्द आहे. एकट्याने केलेलं कामही बरेच जण ‘आम्ही केलं’ असंच सांगतात. ‘आम्ही’ म्हणाला म्हणून गुण कापू नका. ‘त्यात तुमच्या वाट्याचं काय होतं?’ असं सरळ विचारा. दुसरं, ‘हे गोपनीय आहे, सांगता येणार नाही’ असं उत्तर आलं तर ते मान्य करा आणि ग्राहकाचं नाव, रक्कम, उत्पादन वगळून सांगायला सांगा. काम करण्याची रीत सहसा गोपनीय नसते. आणि जुन्या मालकाची गुपितं भराभर सांगत सुटलेला उमेदवार उद्या तुमचीही सांगेल.

या पद्धतीची मर्यादा मात्र ध्यानात असू द्या. काम न केलेला माणूस यात सापडतो. तेच काम पंधरा वर्षं चुकीच्या रीतीने करत आलेला सापडत नाही, कारण त्याच्याकडेही आकडे आणि बारकावे असतात. त्यासाठी त्याच्या बोलण्यातले तीन ठोस तांत्रिक दावे शब्दशः लिहून घ्या आणि विषय जाणणाऱ्याला वीस मिनिटं दाखवा. संस्थेत असं कोणीच नसेल, म्हणजे म्हणूनच ही जागा भरायची असेल, तर तांत्रिक फेरीसाठी बाहेरचा जाणकार बोलवा. ती उणीव आत्मविश्वासाने भरून निघत नाही.

प्रश्न : मुलाखत माझ्या हातातून निसटते. एका उमेदवाराने पहिल्याच मिनिटाला ‘तुमचा किती वर्षांचा अनुभव?’ असं विचारलं. दुसऱ्याने स्वतःचा प्रवास सांगण्यात पंचवीस मिनिटं घेतली आणि मला तोडता आलं नाही.

उत्तर : पहिल्याला खरं सांगा, एका वाक्यात, आणि त्याच दमात पुढचं काम सुरू करा : ‘चार वर्षं. या टीमचं काम गेल्या वर्षापासून मी बघते, त्यामुळे तुम्हाला इथे नेमकं काय करावं लागेल ते मी सांगू शकेन. सुरुवात तुमच्या सध्याच्या कामापासून करू.’ तो आकडा वाढवून सांगायचा नाही, लाजत सांगायचा नाही आणि त्याचं समर्थनही करायचं नाही. बहुतेक वेळा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते. आपण कोणत्या पातळीवर बोलायचं, एवढंच त्याला हवं असतं.

पंचवीस मिनिटांचा दोष मात्र उमेदवाराचा नाही. ‘तुमच्याबद्दल सांगा’ एवढंच म्हटलं तर पंधरा वर्षांच्या अनुभवाला पंचवीस मिनिटं काही जास्त नाहीत. मर्यादा आधी सांगायची असते : ‘आपल्याकडे एक तास आहे. मी चार प्रसंग विचारणार आहे, प्रत्येकाला साधारण दहा मिनिटं. वेळ साधायला मधेच थांबवलं तर राग मानू नका.’ हे शेवटचं वाक्य आधी बोललेलं असलं की नंतर तोडताना अवघडल्यासारखं होत नाही.

तोडायची रीतही शिकावी लागते. हात वर करून ‘एक मिनिट’ म्हटलं तर माणूस दुखावतो. त्याच्याच शेवटच्या वाक्यातला एक शब्द उचला आणि तिकडे वळवा : ‘तुम्ही आत्ता ऑडिटचं म्हणालात, तिथेच जरा थांबू. त्या ऑडिटमध्ये तुमच्याकडे काय होतं?’ तोडलंत खरं, पण तुम्ही ऐकत होतात हेही त्याला कळलं. दोनदा वळवूनही गाडी मूळ रुळावर जात असेल तर तेही लिहून ठेवा. बैठकीतही असंच होणार आहे.

एक उलटा प्रकारही असतो, आणि तो जास्त अवघड. उमेदवार तुम्हाला शिकवू लागतो, बोलणं रंजक असतं, तुम्ही वही काढून टिपणं घेता. तास संपतो आणि मनात येतं, केवढं शिकायला मिळालं! पण तुमच्या चारपैकी दोन प्रश्न विचारायचेच राहून गेलेले असतात. अशा माणसाला घेण्याची घाई सर्वांत जास्त होते.

प्रश्न : उमेदवार माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे आहेत. ते मला रिपोर्ट करणार. ‘माझ्या हाताखाली काम करायला अडचण नाही ना?’ असं विचारलं तर चालेल का?

उत्तर : विचारा, पण उपयोग शून्य. ज्याला नोकरी हवी आहे तो याला एकच उत्तर देतो. वर ‘हाताखाली’ या शब्दाने तुमचीच अस्वस्थता दिसते.

तुम्हाला कळायला हवं ते हे, की आपलं मत डावललं गेल्यावर हा माणूस कसा वागतो. मग तेच विचारा : ‘तुम्ही एक सल्ला दिला आणि वरिष्ठांनी दुसराच निर्णय घेतला, असं अलीकडे कधी झालं? पुढे तुम्ही काय केलं?’ इथे ‘पुढे’ला महत्त्व आहे. निर्णय चुकला हे तो सांगेलच. त्यानंतर त्याने लेखी मत कळवून कामाला हात घातला, की अंग काढून घेतलं आणि फसण्याची वाट पाहिली? दुसरा प्रश्न : ‘वयाने किंवा अनुभवाने लहान असलेल्या कोणाकडून गेल्या दोन वर्षांत तुम्ही काम शिकलात?’ इथे उत्तर पटकन आलं आणि त्या माणसाने नेमकं काय शिकवलं हेही आलं, तर बरंचसं काम झालं. बराच विचार करूनही काही आठवत नसेल, तर तीही माहितीच आहे.

आपली बाजूही स्पष्ट मांडा. कोणते निर्णय तो एकट्याने घेईल, कोणते तुम्हाला विचारून, आणि कोणते तुमच्याही हातात नाहीत, हे तीन ओळींत सांगा. अनुभवी माणसं नोकरी सोडतात तेव्हा वरचा माणूस वयाने लहान होता ही क्वचितच अडचण असते. जबाबदारी दिली आणि अधिकार दिला नाही, याचा राग जास्त असतो.

‘इतका अनुभव असताना ही खालची जागा का?’ हे विचारायला हरकत नाही, पण शब्द बदला : ‘या जागेत तुमच्या सध्याच्या कामापेक्षा अधिकार कमी आहेत. यात तुम्हाला काय हवंसं वाटलं?’ पटणारी उत्तरं बरीच असतात. माणसं सांभाळून कंटाळा आला, पुन्हा प्रत्यक्ष काम करायचंय, क्षेत्र बदलायचंय, प्रवास कमी करायचाय. ‘सध्या मिळेल ते’ हे उत्तरही प्रामाणिक असू शकतं. तिथे पगाराचा आकडा आणि कामाचं रूप त्याच बैठकीत साफ बोलून घ्या, कारण तो माणूस जाईल तर या दोन कारणांनीच जाईल.

वय, निवृत्तीला किती वर्षं राहिली, तब्येत, घरची जबाबदारी यांतलं काहीही विचारायचं नाही. वयावरून भेदभाव करायला अनेक देशांत कायद्याने बंदी आहे. कायदा असो नसो, कामाबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

प्रश्न : एवढ्या सीनिअर माणसाला टेस्ट द्यायची का? अपमान वाटेल.

उत्तर : शाळेच्या पेपरासारखी दिली तर वाटेलच. कामाचा तुकडा दिला तर सहसा नाही. तुमच्याच विभागातला जुना, नावं आणि आकडे बदललेला एखादा अहवाल, आराखडा, कोड किंवा वेळापत्रक घ्या. त्यात तुम्हाला माहीत असलेल्या तीन चुका असू द्या : एक ठळक, एक मध्यम आणि एक अशी की जी नियम न मोडताही पुढे महागात पडते. अर्धा तास वाचायला द्या आणि पंधरा मिनिटं बोला : ‘हे तुमच्याकडे सहीसाठी आलं तर काय कराल?’ अनुभवी माणसाचं रोजचं कामच हे असतं, दुसऱ्याने केलेलं तपासणं. म्हणून तो खुलतो.

तिसरी चूक कोण पकडतं ते पाहाच, पण त्याहून पाहा की पहिली दिसल्यावर तो काय बोलतो. ज्याने ती केली त्याला मूर्ख ठरवतो, की ‘हे त्यांनी कशामुळे केलं असेल?’ असं विचारतो? कधी कधी तो तुम्हाला माहीत नसलेली चौथी चूक दाखवतो. दाखवू द्या आणि आभार माना.

घरून करून आणायचं दोन-तीन दिवसांचं काम देऊ नका. चालू नोकरीतल्या माणसाकडे तेवढा वेळ नसतो, आणि फुकटात काम करून घेताय असा त्याला संशय आला तर तो रास्तच आहे. काहीही दिलंत तरी त्या जागेच्या सगळ्या उमेदवारांना तेच आणि तेवढाच वेळ. सीनिअरला सूट आणि ज्युनिअरला टेस्ट असं केलं की तुलना करायला काही राहत नाही.

प्रश्न : ‘सर’ म्हणायचं का?

उत्तर : नाही. नावापुढे ‘जी’ किंवा ‘राव’ तुमच्या कार्यालयाच्या रिवाजाप्रमाणे, आणि प्रत्येक उमेदवाराला ‘तुम्ही’, मग तो तुमच्याहून लहान असला तरी. एकदा ‘सर’ म्हटलंत की तासभर प्रश्न विचारताना परवानगी मागितल्यासारखं वाटत राहतं. सवयीने निघून गेलं तर दुरुस्त करत बसू नका. ‘काका’ मात्र कुठल्याही परिस्थितीत नको.

प्रश्न : पॅनेलमध्ये आम्ही तिघं. इतक्या वर्षांचा अनुभव बघूनच आमचे साहेब खूश झाले आणि पुढे माझ्या मताला किंमत उरली नाही. गुण कसे द्यावेत?

उत्तर : आधी साहेबांच्या खुशीबद्दल. आधीच्या कामाच्या अनुभवावरून नव्या जागेवरचं काम किती ओळखता येतं, यावर २०१९ मध्ये ८१ नमुन्यांची आकडेवारी एकत्र करून अभ्यास झाला. अनुभव आणि कामगिरी यांचा सहसंबंध (० म्हणजे काहीच मेळ नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ) निघाला ०.०६, म्हणजे जवळपास नाहीच. अनुभव फुकट आहे असा याचा अर्थ नाही. नुसती वर्षं मोजून तो कळत नाही, एवढाच आहे. एकच वर्ष पंधरा वेळा काढलेला माणूस आणि पंधरा वेगवेगळी वर्षं काढलेला माणूस बायोडेटात सारखेच दिसतात. प्रश्न आणि गुण आधी ठरवून घेतलेल्या मुलाखतीचा हाच आकडा जुन्या अभ्यासांच्या २०२२ मधल्या मोठ्या फेरतपासणीत ०.४२ आला आणि मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीचा ०.१९. साहेबांना पटवायला या तीन आकड्यांची मदत होईल. नाही पटलं तरी गुणपत्रिका वापरायला त्यांची हरकत नसते, एवढं पुरे.

गुणपत्रिका अशी. प्रत्येक प्रश्नाला १ ते ५ गुण, आणि १, ३ व ५ म्हणजे काय ते मुलाखतीच्या आधी शब्दांत लिहिलेलं. न जुळणाऱ्या आकड्यांचा प्रश्न घेतला तर : १ म्हणजे ‘संबंधितांना मेल पाठवून वाट पाहिली’, ३ म्हणजे ‘चूक शोधली आणि त्या वेळेपुरती दुरुस्त केली’, ५ म्हणजे ‘चूक कुठून येते ते शोधलं, ती पुन्हा येऊ नये म्हणून काही बदललं आणि बदल टिकला का ते नंतर पाहिलं’. मधले २ आणि ४ अंदाजाने. हे आधी लिहिलेलं नसलं की समोरच्याच्या रुबाबावरून गुण पडतात. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी दिलेले शेरे तपासले, तेव्हा एका बाबतीत सरस ठरलेला माणूस बाकीच्या बाबतींतही सरस ठरवला जात होता. भारदस्त आवाज आणि पंधरा वर्षं यांचं तेच होतं.

उमेदवार खोलीबाहेर गेला की पंधरा मिनिटं कोणी कोणाशी बोलायचं नाही. तिघांनी आपापले गुण आणि प्रत्येक गुणामागे उमेदवाराचं एक वाक्य लिहायचं. मग कागद एकदम उघडायचे आणि बोलायला सुरुवात सर्वांत कनिष्ठाने करायची. साहेब आधी बोलले की बाकीच्यांचे गुण सरकतात. कोणी मुद्दाम करत नाही, तरी सरकतात. दोन जणांत दोन किंवा जास्त गुणांचा फरक असेल तेवढ्याच प्रश्नांवर चर्चा करा. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून लागोपाठ मुलाखती ठेवू नका. दोहोंमध्ये निदान अर्धा तास हवा.

आणि स्वतःचे कमी पडलेले गुण एकदा उलटून पाहा. उमेदवाराने तुमचं म्हणणं खोडलं होतं का? त्याच्यासमोर आपण थिटे वाटलो होतो का? अशा मुलाखतीनंतर ‘टीममध्ये बसणार नाही’ असा शेरा फार सहज लिहिला जातो. ‘बसणार नाही’च्या पुढे ‘कारण’ लिहून उमेदवाराचं एक वाक्य किंवा एक कृती लिहिता येत नसेल, तर तो शेरा खोडा. वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी राहिलेले लोक मुलाखत द्यायची सवयही विसरलेले असतात. पहिल्या दहा मिनिटांतलं अडखळणं त्यांच्या खाती धरू नका.

प्रश्न : एका अतिशय अनुभवी उमेदवाराला नकार कळवायचा आहे. ‘ओव्हरक्वालिफाइड’ असं कारण एचआर द्यायला सांगतं.

उत्तर : देऊ नका. त्या शब्दाचा अर्थ ‘तुम्ही फार चांगले आहात’ असा कोणी घेत नाही. ‘तुमचं वय झालं’ असाच घेतात, आणि कित्येकदा ते बरोबरही असतं. गुणपत्रिकेवर जे कमी पडलं ते सांगा : ‘या जागेला रोजच्या रोज स्वतः डेटा हाताळणारा माणूस हवा होता. तुमचं अलीकडचं काम बहुतांशी देखरेखीचं आहे. त्या निकषावर दुसरा उमेदवार जास्त जुळला.’ निर्णय झाल्यापासून दोन-तीन दिवसांत, फोनवर, पाच मिनिटांत. फोन एचआरवर ढकलू नका, मुलाखत ज्याने घेतली त्यानेच करायचा. बोलताना ‘भविष्यात नक्की विचार करू’ हे खरोखर करणार असाल तरच म्हणा. उमेदवार वाद घालू लागला तर निकष पुन्हा एकदा त्याच शब्दांत सांगा आणि दुसऱ्या उमेदवाराबद्दल काहीही बोलू नका.

फोन ठेवल्यावर त्याच दिवशी दोन ओळींचा मेल पाठवा, म्हणजे नंतर एचआरकडून वेगळंच कारण त्यांच्या कानावर जाणार नाही.